नाडी

वॉर्डन म्हटलं की मला अजून
जालन्याच्या मिशन बोर्डिंगातल्या ओहोळबाई दिसतात:
कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात निरगुडीची छडी.
दिवे गेल्यावर कुजबुज कुठल्या खाटेवर
हे त्यांना अंधारातही कळायचं.
चांगल्या होत्या. पण त्या आल्या की
आम्ही आधी हात मागे लपवायचो,
मग सलाम म्हणायचो.

आता कीथलीत, सेंट ऑस्वल्डच्या काळवंडलेल्या दगडी चर्चमध्ये
वॉर्डन मी.
इथेही काठी देतात. खरोखरची.
माझ्या खांद्याएवढी, टोकाला पितळेचा मुकुट;
सणाच्या दिवशी ती धरून पाळकांच्या पुढे चालायचं.
पूर्वी म्हणे हिने पेंगणाऱ्यांना ढोसत,
कुत्री हाकलत.
पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा, कबूल करते,
पाठ आपोआप ताठ झाली.

फेब्रुवारीत पंच बसले.
चहा, बिस्किटं, छताच्या गळतीचा खर्च,
आणि सातवा विषय: मिस्टर मिजली.
बेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवतात.
गेल्या नाताळात तिसऱ्या कडव्यावर बोटं अडली
आणि सगळी मंडळी उघड्या तोंडानं
स्वरावाचून उभी राहिली.
कोणीतरी सांगायला हवं, असं ठरलं.
‘कोणीतरी’ म्हणजे कोण ते मला कळतं;
तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होते,
वाईट बातमी नेहमी माझ्याच ताटात वाढलेली.

पत्र टाइप केलं. सभ्य होतं.
‘आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल’ अशी सुरुवात,
शेवटी माझी सही, सहीखाली हुद्दा.
हुद्दा जरा ठळक झाला होता.

रविवारी उपासनेच्या पाऊण तास आधी गेले,
एकटे गाठावे म्हणून.
ते बाकावर ओणवे बसलेले,
पायांत वाजवायचे बूट, पातळ तळव्यांचे,
आणि नाडी.
बोटं तिथवर जात, टोक पकडत,
टोक निसटे. पुन्हा. पुन्हा.
तेव्हा कळलं, हे इतक्या लवकर का येतात.
आम्हाला वाटायचं, सराव.

दर पवित्र गुरुवारी आमचे पाळक बारा जणांचे पाय धुतात.
बाराही जण ते घरून धुऊनच आणतात.
मीसुद्धा, वर क्रीम लावून.
हे पाय तसे तयार नव्हते.
मोजा घोट्याशी उसवलेला.

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले, माझेच.
डावा बूट बांधला.
जुन्या सवयीनं बोट घोट्याच्या आतल्या बाजूला टेकलं
आणि नाडी लागली, दुसरी,
एक ठोका गाळून पुढे जाणारी,
मागे वळून त्याला शोधणारी.

तिथूनच, खालूनच सांगितलं.
पत्र पर्समध्येच राहिलं.
“विल्फ्रेड, पंचांना वाटतं, आता थांबावं.
मलाही वाटतं.”
‘मलाही’ गिळता आलं असतं.
पंचांच्या मागे लपणं सोपं,
छडीमागे लपण्याइतकंच.

ते बराच वेळ माझ्या पांढऱ्या भांगाकडे बघत असावेत.
मग म्हणाले, “ईस्टरपर्यंत?”
विचारायला हवं होतं मी:
ठराव, दुरुस्ती, अनुमोदन.
“ईस्टरपर्यंत,” मी म्हणाले
आणि उजवा बूट ओढून घेतला.
हुद्द्याचा एवढाच उपयोग मला त्या सकाळी सुचला.

पंच रागावले. खजिनदारबाई अजून तुटक बोलतात,
आणि त्यांचंही अगदीच चूक नाही.
ईस्टरला ते चार ठिकाणी चुकले,
तिसऱ्या कडव्यावर तर थांबलेच.
मंडळी थांबली. मी थांबले,
काठी हातात, मुकुट गळक्या छताकडे.
कोणी खोकलंसुद्धा नाही.
मग डाव्या बुटाखालून
एक खोल, हळू स्वर आला,
आणि आम्ही त्याच्या मागून गेलो.